राजाचं झाड

हेझकायाच्या अंगणातल्या पाइनवर सरकारी माणसाने कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाण कोरला होता. बाण कोरला की झाड राजाच्या जहाजांचं. जमीन तुमची असली तरी हात लावायचा नाही. आणि राजा समुद्रापार लंडनला, आठ आठवड्यांच्या वाटेवर. अमेरिकेतलं आमचं न्यू हॅम्पशायर त्याने स्वप्नातसुद्धा पाहिलं नसेल.

पानगळीतल्या वादळात ते झाड घरावर कललं. मी गावचा करवत्या. उघडी मुळं पाहिली आणि म्हणालो, "आजच पाडू."

"वेडा आहेस का, ओबेड?" हेझकाया म्हणाला. "रीतसर अर्ज करू. पोराबाळांचं घर म्हटल्यावर राजा नाही म्हणेल होय?"

"राजाचं राहू दे, झाड थांबेल का ते विचार," त्याची बायको मर्सी चुलीजवळून म्हणाली.

अर्ज लंडनला गेला. आम्ही झाडाला टेकू दिले. मी रोज जाऊन बघायचो आणि हेझकायाच्या भोळेपणाला शिव्या घालायचो. पण चोरून करवत चालवायची हिंमत मलाही झाली नाही. ते मला आजही खातं.

फेब्रुवारीत बर्फाचं ओझं झालं. भर दुपारी टेकू मोडले आणि झाड छपरातून आत आलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी थँकफुल चुलीवरची लापशी ढवळत होती. तिला बाहेर काढायला मला ते झाड कापावंच लागलं.

त्याच्याच फळ्यांची तिची शवपेटी केली. जमीन दगडासारखी गोठलेली, बर्फ वितळेपर्यंत खड्डा खणणं अशक्य. म्हणून पेटी गोठ्यात ठेवली.

मार्चमध्ये सरकारी माणूस आला. अर्जाचं उत्तर नव्हतंच. राजाचं झाड कापल्याची खबर त्याला लागली होती. त्याने पेटीवरची फळी पट्टीने मोजली.

"एवढ्या रुंदीची फळी रयतेला ठेवता येत नाही. जप्त."

"साहेब, आत माझी मुलगी आहे," हेझकाया म्हणाला.

"पुरल्यावर फळ्या जमा करा." आणि त्याने झाकणावर तीन घाव घातले. बाण.

मर्सी पेटीवर आडवी पडली. हेझकाया मात्र तो माणूस घोड्यावर बसून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. दर रविवारी राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळ्यांत मोठ्याने प्रार्थना म्हणणारा हा माणूस.

"ओबेड, गावात बाणाची झाडं किती उरलीत?"

"चाळीसेक."

पेटी केल्यापासून गोठ्याच्या भिंतीवर टांगलेली माझी करवत त्याने काढून माझ्या हातात दिली.

"आजच पाडू," तो म्हणाला.