पेजेतली पुडी

ऋतिकाला हल्ली स्वतःच्याच शरीराचा राग यायला लागला होता. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, मूल हवंहवंसं वाटत होतं, आणि पाळीचा मात्र पत्ता नाही. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी सांगितलं, चालणं वाढवायला लावलं आणि पावडरच्या पुड्या दिल्या. रोज सकाळी एक, कशात तरी कालवून. "दिवाळीनंतर या. फरक नसेल तर गोळ्यांचं बघू," म्हणाल्या.

दिवाळी सरली. उद्या जायचं होतं, आणि फरक कसला तो नाहीच.

पुडीचं काम सासूबाईंकडे होतं. ठाण्यात खोपटला ऑफिसात जायची ऋतिकाची घाई बघून सगुणाबाईच म्हणाल्या होत्या, "तू तुजी तयारी कर गो. पुडी मी घालीन पेजेत." कळव्यातलं हे घर मूळचं शेतकऱ्यांचं. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी सकाळची पेज काही सुटली नव्हती.

त्या दिवशी ऋतिका लवकर उठून ओट्यापाशी गेली आणि बघतच राहिली. सासूबाईंनी पुडी फाडली आणि थेट टोपात रिकामी केली. चौघांच्या पेजेच्या टोपात!

"आई, हे काय?"

"तुजी पुडी."

"टोपात? रोज टोपातच घालता?"

"मंग? ढवळते ना नीट."

तोंडात ब्रश घेऊन तिचा नवरा मितेश आला. "थांब थांब. म्हणजे मी पण हीच पावडर पितोय?"

सासरे राघोबाबा पेपराआडून म्हणाले, "तरीच माजा गुडघा दुखाचा थांबला."

"गप बसा! गुडघ्याला पाळी येते काय तुमच्या?"

हा शब्द या घरात पुरुषांसमोर पहिल्यांदाच निघाला होता. सगुणाबाईंनी जीभ चावली. राघोबाबा पेपरात आणखी आत शिरले.

"पण आई, का?"

सगुणाबाई पदराला हात पुसत राहिल्या. "एकटीच्या पेल्यात घातला असता, तं तुला वाटला असता का मीच एक आजारी. या घरात कदी कुनी एकटा काय खाल्ला नाय गो."

ऋतिका स्टुलावर बसली. आधी रडू येईलसं वाटलं, आलं ते हसू. म्हणजे शरीर हट्टी नव्हतं. बिचाऱ्याला औषध पुरेसं मिळतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई हट्टाने सोबत आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "चूक माजी हाय. पोरीला बोलू नका."

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, मग त्याही हसल्या. "मग अजून औषध झालंय कुठे? पूर्ण पुडी, एकटीला. तीन महिन्यांनी बघू. आणि तेव्हा गोळ्या लागल्या, तर घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही म्हणे! पण ऋतिका खरंच आता घाबरली नव्हती.

पुढच्या सकाळी तिच्यापुढे वेगळा पेला आला. सगुणाबाई कमरेवर हात ठेवून समोरच उभ्या. ऋतिकाने पेज संपवून पेला खाली ठेवला, तसा त्यांनी तो उचलून उजेडात तिरका धरला.

"तळाला हाय अजून. सगळा पी. कुनाला काय ठेवू नको."

ऋतिकाने त्यात घोटभर पाणी ओतलं, विसळलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.