बाळासोची बाद पसंती

शिवाजी पेठेत बाळासोच्या शिंका आम्ही शेजारी मोजायचो. एका दमात सतरा, हा अठ्ठ्याण्णव सालचा उच्चांक. पण त्याला नडल्या त्या दोनच. लेकीचं, निशिगंधाचं लग्न ठरताना ऐन सुपारी फोडायच्या वेळी तो शिंकला आणि पावणं अपशकुन म्हणून उठलं. असं दोनदा झालं.

तिसरं स्थळ हुपरीचं. पोरगा निशिगंधाच्या मनात भरलेला. म्हणून पावणं यायच्या आदल्या दिवशी बाळासोनं सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन उरकून घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत बोळे ठासले. उद्या संध्याकाळी काढू म्हणाले, तोवर मान हलवू नका. बाळासो खुशीत. एवढ्या बंदोबस्तातून शिंक बाहेर पडतीया कुठली, असा त्याचा हिशेब.

पावण्यांत शब्द चालायचा तो मुलाच्या आत्याचा, झुंबरबाईंचा. चहा झाला, त्यांनी सुपारी पुढं सरकवली आणि विचारलं, "बोला पावणं, आमचं पोरगं पसंत हाय?"

बाळासो ताठ मानेनं म्हणाला, "बाद्य हाय."

"बाद हाय?"

"बाद्य हाय, बाद्य!" जितका जोर लावला तितका पोरगा बादच होत गेला. झुंबरबाईंनी सुपारी परत पिशवीत टाकली. नवरदेव चपलांकडं बघायला लागला.

तेवढ्यात निशिगंधा पुढं आली. "आत्या, जरा नाक दाबून धरा आणि म्हणा, मान्य हाय."

झुंबरबाईंना असा हुकूम जन्मात कुणी सोडला नव्हता. पण धरलं त्यांनी नाक. "बाद्य हाय," त्या म्हणाल्या आणि थबकल्या. मग नवरदेवानं धरलं, मामानं धरलं. नऊ पावणं नाक धरून बाद्य हाय, बाद्य हाय करत बसलेले मी मोजलेत.

झुंबरबाईंनी हसत नाक सोडलं आणि सणसणीत शिंकल्या.

खोली गार पडली. बाळासोनं डोळे मिटले. झुंबरबाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "नवऱ्याकडची शिंक शकुनाची असती," त्या म्हणाल्या. "फोडा सुपारी."

संध्याकाळी डॉक्टरांनी बोळे ओढले. ते संपता संपेनात. बाळासोच्या डोळ्यांतनं धारा. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस नाक शिंकरायचं नाही, मिठाच्या पाण्यानं धुवायचं आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं.

"मान्य हाय," बाळासो म्हणाला. डॉक्टर पुढच्या पेशंटकडं वळले, तरी तो आणखी दोनदा म्हणाला.