अंथुर्ण्याची डिकीवाली

आमच्याकडं गाडी घ्यायची म्हणजे उंच घ्यायची. पांढरी, रुंद, पुढं लोखंडी गार्ड लावलेली, चढायला पायरी असलेली. बारामती-इंदापूर रस्त्याला जरा वेळ उभं राहून बघा, सगळ्या तसल्याच. आत माणूस एक, तोही कानाला फोन लावून बसलेला. वरून खाली बघता यावं एवढाच त्या उंचीचा उपयोग.

मला तसली गाडी नको होती. मला डिकीवाली पाहिजे होती. लांब, बुटकी, मागं डिकी असलेली, घरची माणसं दाराशी वाकली की सरळ आत बसतील अशी.

"डिकीवाली आता कोण घेतंय, ताई?" बारामतीचा एजंट दीपक म्हणाला. त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. "आपल्या रस्त्याला पोट घासतं तिचं."

"माझ्या आईचं गुडघं गेल्यात," मी म्हणाले. "उंच गाडीत तिला चढवायला दोन माणसं लागत्यात. तू येणार हाईस का रोज?"

 दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही. कुणाला नको असते म्हणून जुनी डिकीवाली स्वस्तात पडते. उंचीच्या हौसेपायी लोक चांगल्या गाड्या टाकून देतात आणि शहाण्या माणसाची सोय होते.

मी वीज कंपनीत तारतंत्री आहे. लोक वायरमन म्हणतात, बाई असले तरी. खांबावर चढते, तार ओढते, पगार घेते. शेळगावात घर आहे, घरात मी आणि आई. वडील गंगाराम जाऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळं गाडी कसली घ्यायची हे सांगायला घरात पुरुष नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

दीपकनं पहिल्यांदा एक चकचकीत राखाडी गाडी दाखवली. डॉक्टरची आहे म्हणाला. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाकडची गाडी डॉक्टरचीच असते. मी पर्समधून फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक काढलं आणि दरवाजावर लावलं. ते घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं.

"दीपक, हितं पत्रा राहिलाच न्हाय. नुसती पुट्टी हाय. गाडी विकतोस का भिंत?"

"जरासं लागलं असंल, ताई."

"लागलं न्हाय. आडवी झालीय ही."

तेव्हा तो वळणावर आला. म्हणाला, अंथुर्ण्याला एक आहे. खरंच चांगली, एका हाताची, फार न पळालेली. हिंदुरावांच्या घरची. त्यांच्या सुनेला लग्नात बापानं दिलेली, तिच्याच नावावर. आता ते नवी मोठी गाडी घेणार आहेत, तिच्या पहिल्या भरण्यासाठी ही काढायचीय.

"सून विकतीय का सासरा?" मी विचारलं.

"नावाला सुनंची हाय. घरचीच समजा."

रविवारी दीपक आम्हाला घ्यायला आला. आईला मी मुद्दाम बरोबर घेतलं होतं. जिच्यासाठी घ्यायची तिनं बसून बघायला नको?

हिंदुराव पडवीत खुर्ची टाकून बसले होते. पोरगा ऋषिराज शेजारी, सहा फुटी, हातात मोबाइल. हिंदुरावांनी मला नीट बघितलं. "शेळगावच्या गंगारामाची का गं तू? आमच्या विहिरीवरचा आकडा काढणारी?"

"व्हय. तारंवर टाकलेला. तुमी परत टाकलाय आबा, येताना बघितला. आज सुट्टी हाय म्हणून गप हाय."

ते हसले. चोरी पकडली की आमच्याकडं लोक आधी हसतात, मग पुढाऱ्याला फोन लावतात.

चहा आला. सून घेऊन आली. स्वरूपा. बुटकी, बारीक, डोक्यावर पदर. सासऱ्यानं तिला कसली तरी खूण केली, ती जरा थांबली आणि आत जाऊन परत आली. हिंदुराव, ऋषिराज आणि दीपकच्या हातात चिनीमातीचे कप. मला आणि आईला कागदी. गंगारामाची म्हटल्यावर घर कोणतं ते कळलं होतं त्यांना. अशा वेळी लोक भांडण करत नाहीत, कप बदलतात.

मी कप खाली ठेवणार तेवढ्यात आई मोठ्यानं म्हणाली, "कागदी बरा असतोय. सुनंला धुवायचा ताप न्हाय. तुमी बी कागदीच घ्यायचा, पावणं."

दीपकला ठसका लागला. स्वरूपा वाकली, आमच्या हातातले कागदी कप तिनं काढून घेतले, आणि मिनिटात चिनीमातीच्या कपात चहा घेऊन आली.  हिंदुरावांनी मान दुसरीकडं वळवली. ही बाई गप आहे, पण मुकी नाही, हे मला तिथंच कळलं.

गाडी मागच्या शेडमध्ये होती, ट्रॅक्टरच्या पलीकडं, कापडाखाली. ऋषिराजनं कापड ओढलं. पांढरीशुभ्र. मी चुंबक चारी दारांना लावलं, बॉनेटला लावलं. कुठंच घसरलं नाही. आईनं मागचं दार उघडलं, कुल्ले टेकले, पाय एकामागून एक आत घेतले आणि टेकून बसली. कुणी हात लावला नाही.

"करुणे," ती आतून म्हणाली, "हीच घे."

मी पुढं बसायला गेले तर गुडघे स्टेअरिंगला लागले. सीट पार पुढं ओढलेली, आरसा खाली वळवलेला. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन लागलं.

"किती दिवस उभी हाय?"

"दोन-चार महिने असंल," ऋषिराज म्हणाला.

"आणि बॅटरी जिवंत? कोण चालू करतं हिला?"

"करतो की मी कधी कधी."

मी त्याच्या लांब पायांकडं बघितलं, मग त्या सीटकडं.  पडवीत येऊन किंमत बोलले. हिंदुरावांनी चढी सांगितली, मी उतरती, दीपकनं मधली धरली आणि दोघांनी मान हलवली. सगळं एका दमात झालं. मग मी म्हणाले, "चालवून बघायचीय. पण मालक बरोबर पायजे."

"चल की," ऋषिराज उठला.

"तुमी न्हाय. आरसीवर नाव स्वरूपाचं हाय. गाडी कुठं वाजती, कुठं अडती, ते मालकालाच ठाऊक असतं."

"तिचं काय काम?" हिंदुराव म्हणाले. "ती सही करंल."

"मग मी बी पैसं तिलाच देईन."

पैशाचं नाव निघाल्यावर त्यांनी आत हाक मारली. स्वरूपा आली आणि कुणाला न विचारता ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. सीट तिला हलवावी लागली नाही. ऋषिराज "तू कशाला?" म्हणेपर्यंत गाडी शेडच्या बाहेर होती. मी तिच्या शेजारी, आई मागं.

पोरगी काय गाडी चालवते. निमगाव केतकीच्या बाजूला निघालो. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर झुलत चाललेला. तिनं घाई केली नाही, हॉर्न बडवला नाही. पुढचा रस्ता मोकळा दिसल्यावर एकदाच गाडी काढली आणि परत आपल्या बाजूला आली. आईनं मागून "शाबास" म्हटलं.

"रोज दुपारी तूच बसत व्हतीस ना हितं?" मी विचारलं.

"सगळे झोपले की," ती म्हणाली. "चालू करते, शेडमध्येच पुढं-मागं करते. बाहेर काढायची नाही असं सांगितलंय मला. सून गाडी चालवते म्हणून लोक नावं ठेवतात म्हणे."

"शिकलीस कुठं?"

"इंदापूरला, पप्पांनी शिकवली. मी डी. फार्म केलंय, ताई. बारामतीत एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये नोकरी लागलीय. उद्यापासून यायला सांगितलंय. सुट्टी रात्री आठला. त्यावेळी इकडं यायला धड एसटी नाही. गाडी असली तर नोकरी आहे, गाडी गेली तर नाही. एवढंच आहे बघा."

मला राग आला. तिच्या सासऱ्याचा आला, आणि तिचा पण आला. गाडी माझ्या मनात बसली होती. आई आत बसली होती.

"मग मला कशाला सांगतीस? घरात सांग."

"सांगितलं. नोकरी करायचीय म्हणून सहा महिने सांगतेय."

मी जरा वेळ खिडकीतून ऊस बघितला. मग जे तोंडात आलं ते गिळलं नाही. "हे बघ, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो भरल्याशिवाय दीपकचं काम हलत न्हाय. नंबर कुणाचा दिलाय?"

"माझाच. पप्पांनी घेऊन दिलेला." तिनं गिअर बदलला. "माहितीय मला. म्हणून तर सकाळपासून फोन चार्जिंगला होता."

"माहिती हाय? मग आमाला हितपर्यंत येऊ कशाला दिलंस?"

"घरातल्या घरात नाही म्हटलं की ते कुणाला ऐकूच येत नाही, ताई. चार माणसांसमोर म्हटलं तर ऐकावं लागेल."

"म्हंजे माझा रविवार तुझ्या तमाशाला?"

"हो," ती म्हणाली. तोंड पाडलं नाही, माफी मागितली नाही. "दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं असतं तर त्याच्यासमोर केलं असतं."

आई मागून म्हणाली, "करुणे, गप. तू बी असंच केलं असतंस."

केलं असतं. वायरमनच्या भरतीला मी घरातून पळून गेले होते, ती गोष्ट वेगळी. मी तिला एवढंच म्हणाले, "करायचा तर नीट कर. मधी कच खाल्लीस तर गाडी माझी. मी सोडणार न्हाय."

"चालेल," ती म्हणाली, आणि निमगावच्या अलीकडं गाडी वळवली.

गाडी परत शेडमध्ये लावून आलो तर पडवीत दीपक लॅपटॉप उघडून बसला होता. "पसंत का ताई?"

"एकदम. कर सुरू."

त्यानं बटणं बडवली. "वहिनी, ओटीपी आला असंल, सांगा."

स्वरूपा खांबाला टेकून उभी होती. फोन हातात. तो वाजला, तिनं बघितलं.  फोन पालथा करून छातीशी धरला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हटलं, खाल्ली हिनं कच. गाडी आली आपल्याकडं. आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला नाही.

"वहिनी, मुदत संपली त्याची. दुसरा पाठवतो." दीपकनं परत बटण दाबलं. परत फोन वाजला.

"सांग गं पोरी," हिंदुराव म्हणाले. आवाज एकदम मऊ. "नव्या गाडीत सगळ्यास्नी फिरायचंय नव्हं."

त्या मऊ आवाजानंच काम केलं असावं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मी सांगणार नाही, मामंजी. गाडी विकायची नाही."

दीपकनं लॅपटॉपवरून मान वर केली. मग हिंदुरावांचा आवाज चढला. "कुणाला ईचारून?"

"माझ्या नावावर आहे. मलाच विचारलं."

"ऋषी, फोन घे तिच्याकडनं."

ऋषिराज उठला. हात पुढं केला. तिनं फोन पाठीमागं धरला आणि त्याच्याकडं नुसतं बघत राहिली. त्याचा हात हवेतच राहिला.

मी म्हणाले, "पावणं, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँकवाले रोज ओरडत्यात. घरच्यांस्नी सांगा असं कुठं म्हणत न्हाईत."

"तू गिऱ्हाईक हायस का हिची वकील?" हिंदुराव माझ्यावर आले.

"गिऱ्हाईक. आणि मालक विकत न्हाय म्हंतोय, तर मी घेत न्हाय. जबरदस्तीचा माल मी घरात आणत न्हाय. पुन्यांदा दुसऱ्या कुणाला आणलंत तर त्याला बी मी सांगीन. शेळगाव काय लांब न्हाय."

"आन् गाव काय म्हणंल? हिंदुरावाची सून स्टेअरिंगवर?"

"म्हणू दे," स्वरूपा म्हणाली. "मामंजी, तुमच्या बीपीची गोळी कुठली, सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे गाव नाही सांगत. मी सांगते. तेच काम मला बारामतीत करायचंय, पगार घेऊन. उद्यापासून जाणार आहे. आणि माझ्याच गाडीनं."

 आयुष्यभर माणसं हिंदुरावांसमोर खाली बघून उभी राहिलेली. ही बघत होती सरळ. शेवटी ते उठले, चप्पल पायात सरकवली आणि मळ्याकडं निघून गेले. जाताना दीपकला म्हणाले, "तुझं दुकान बंद कर." त्या बिचाऱ्यावर उगाच.

दीपकनं लॅपटॉप मिटला. "ताई, माझा दिवस गेला."

"माझा बी गेला. तुला दुसरी डिकीवाली हुडकायचीय, पुट्टीची नको."

तो तणतणत त्याच्या गाडीकडं गेला आणि आम्हाला न घेताच सुटला. आई पायरीवर बसून गुडघे चोळत होती. म्हणाली, "आता गं?"

"मी सोडते," स्वरूपा म्हणाली.

शेडच्या तोंडाशी कुणीतरी मधल्या वेळात ट्रॉली आडवी आणून लावली होती. गड्याला सांगून हिंदुरावांनीच लावली असणार. स्वरूपा तिच्याकडं बघत उभी राहिली. मी बाह्या वर केल्या, म्हटलं ढकलू. तेवढ्यात ऋषिराज आला.  ट्रॅक्टरवर चढला, ट्रॉली जोडली, ओढून बाजूला नेली आणि ट्रॅक्टर बंद करून तिथंच बसून राहिला. त्याला शूर म्हणणार नाही मी. पण वाट त्यानं केली, एवढं लिहायला हवं.

या वेळी आई पुढं बसली. मी मागं. गावातल्या चौकात पारावर बसलेली माणसं माना वळवून बघत होती. स्वरूपानं काच खाली घेतली आणि वेग कमी केला. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून केला.

शेळगावच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "कधी काढायची झाली, तर पयला फोन मला."

"काढणार नाही, ताई."

"कधी तरी काढशील की."

"तोवर ही माझ्याच हातात संपेल," ती म्हणाली आणि पुढच्या ट्रॉलीला बाजू देऊन गाडी दुसऱ्या गिअरवर आणली.

आई पाय लांब करून बसली होती. "करुणे," ती म्हणाली, "पुढच्या रईवारी दुसरी बघायला जाऊ. चालवून बघायला हिला बी संगं घेऊ."

"रविवारी सुट्टी आहे मला," स्वरूपा म्हणाली.