घोटभर पाणी

शहाताने उजवा पाय हवेत टेकवला, दाबला आणि पुढे सरकवला. पायाखाली इस्त्री नव्हती, इस्त्रीखाली बुटकं टेबल नव्हतं आणि टेबलावर सदराही नव्हता. तरी तो इस्त्री करत होता. भुवया उडवून, मान वेळावून, ओठ आवळून तो समोरच्यांना जणू सांगत होता, की बघा, कशी झकास चालली आहे. मग त्याने नसलेला पेला उचलला, नसलेल्या पाण्याचा घोट घेतला आणि दोन्ही गाल टम्म फुगवले.

"कोणाचा सदरा आहे?" मदाम ल्यूबांनी खुर्चीतून विचारलं.

"नवरदेवाचा, मदाम. संध्याकाळी वरात आहे."

"आणि तोंडातलं पाणी?"

"कुठलं पाणी?"

वर्गातली अकराही जणं खो खो हसली. मदाम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून जुन्या शालीच्या टोकाला पुसला. म्हणजे आता दहा मिनिटं बोलणार, हे सगळ्यांना कळलं.

मदाम ल्यूबा एका जहाजावरच्या इंजिनिअरशी लग्न करून यारोस्लाव्हलहून अलेक्झांड्रियात आल्या, त्याला तीस वर्षं झाली होती. इंजिनिअर गेला, मदाम राहिल्या. अत्तारीन भागात एका लाकडाच्या वखारीवरच्या मजल्यावर त्यांनी नाट्यशाळा काढली आणि आपण तरुणपणी जसं शिकलो तसंच, काडीचाही फरक न करता, त्या इथल्या पोरांना शिकवू लागल्या. पहिलं अर्धं वर्ष संवाद नाही, पोशाख नाही, रंग नाही. आपलं रोजचं काम रिकाम्या हातांनी करायचं. बघणाऱ्याला वस्तू दिसेपर्यंत करायचं. टाळ्यांना बंदी होती. ज्याचं जमलं नाही त्याला मदाम खूप काही सांगत. ज्याचं जमलं त्याला काहीच सांगत नसत, नुसतं पुढच्याचं नाव पुकारत. त्यांच्याकडून कौतुक काय ते एवढंच मिळायचं.

शहाताला त्यांनी त्या दिवशी पुष्कळ सांगितलं. त्यातलं एकच वाक्य त्याच्या काळजात रुतलं.

"वीस वर्षं तू इस्त्री करतोस आणि इथे मला इस्त्री करणारा दिसत नाही. त्याची नक्कल करणारा दिसतो."

परीक्षेत हे दुसऱ्यांदा झालं होतं. तिसरी परीक्षा दोन आठवड्यांनी गुरुवारी चार वाजता होती, आणि तीत जो नापास होईल त्याने शनिवारपासून यायचं नव्हतं.

नक्कल हा शब्द दुसऱ्या कुणी वापरला असता तर शहाता खूष झाला असता. नकलांवरच त्याचं नाव झालं होतं. गल्लीतल्या लग्नात तो शेख, भाजीवाली, हवालदार आणि नवरीची मावशी एकामागून एक उभी करायचा आणि लोक पोट धरून हसायचे. पण चार वर्षांपूर्वी त्याचा बाप गेला. कबरीपाशी शहाताला रडू कोसळलं, तो गुडघ्यांवर बसला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याहून वाईट म्हणजे थोरला भाऊ उलवान, जो स्वतः रडत होता, शहाताच्या कानाशी येऊन म्हणाला, "पुरे आता तुझं नाटक." ते शब्द शहाता विसरला नाही. मदामच्या शाळेची पाटी वाचून तो जिना चढला तो नट होण्यासाठी नव्हे. एकदा तरी, निदान एकदा, आपल्याकडे बघून कुणाला तरी हे खरं आहे असं वाटावं, एवढंच त्याला हवं होतं. अडतिसाव्या वर्षी एवढ्यासाठी शाळेत जाणं हा वेडेपणा आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी उलवान रोज सांगायचाच.

दुकान दोघा भावांचं. बापाच्या वेळची पायाची इस्त्री अजून चालू होती: जड लोखंडी पत्रा, वर पाय ठेवायला लाकडी ठोकळा, आणि वळवायला लांब दांडा. त्या पंधरा दिवसांत शहाता स्वतःवरच पाळत ठेवू लागला. कुठल्याही चोरावर कुणी ठेवली नसेल इतकी बारीक. आपण इस्त्रीकडे कधीच बघत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. तो रस्त्याकडे बघायचा. पाय ठोकळ्यावर जाण्याआधी सगळं वजन डाव्या गुडघ्यात उतरायचं. पाण्याचा घोट घेतला की गाल फुगत नसत, जबडा थोडा खाली जायचा आणि श्वास नाकातून सावकाश चालायचा. त्या वेळी उलवानने काही विचारलं तर शहाता पाचही बोटांची टोकं जुळवून हात वर करायचा, आणि उलवान थांबायचा. तोंडातल्या पाण्याचा फवारा कपड्यावर मारून झाला की उत्तर. वीस वर्षांत दोघांपैकी कुणालाही यात काही विशेष वाटलं नव्हतं. उलवानची तक्रार एकच असायची, की कांजीच्या कपड्यांवर शिंतोडे उडवू नकोस, डाग पडतात.

दुपारच्या नमाजाला गल्ली रिकामी झाली की शहाता खरी इस्त्री बाजूला लावायचा आणि तेच सगळं तिच्याविना करायचा. एका दिवशी भुवया काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी ओठ. मग मान. काढण्यासारखं इतकं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोन दिवस काहीच उरलं नाही, नुसता एका पायावर उभा राहिलेला माणूस उरला, तेव्हा तो घाबरला. पण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी पायाला लाकडाची ऊब लागल्यासारखी झाली.

"उस्ता शहाता आजारी आहेत का?" गिऱ्हाईकं उलवानला विचारू लागली. "हल्ली गंमत करत नाहीत."

"शाळेत जातात ना," उलवान म्हणायचा. "अभ्यास असतो."

गुरुवार उजाडला तो तीन लग्नं घेऊन.

"आज?" उलवान म्हणाला. "गुरुवारी कुणी दुकान सोडून जातं का रे?"

शहाताने वाद घातला नाही. तो पहाटेच येऊन बसला होता. साडेतीनपर्यंत त्याने सगळे सदरे संपवले, नवरदेवाचा काळा सूट शेवटी केला, धूळ नको म्हणून कपाटात टांगला, कुलूप लावलं आणि सवयीने चावी गलाबियाच्या, म्हणजे अंगातल्या पायघोळ झग्याच्या, खिशात टाकून निघाला.

शाळेत दाराजवळच्या खुंटीवर त्याने गलाबिया अडकवला आणि सरावाचे काळे कपडे चढवले. त्याच्या आधी दोघं झाली. एकाला मदामनी पुष्कळ सांगितलं. शिवणकाम करून दाखवणाऱ्या मुलीला काहीच नाही.

"शहाता."

तो उभा राहिला. समोर मदाम होत्या, अकरा जणं होती. त्याने त्यांच्या पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं, तिथे रस्ता आहे असं समजून. डाव्या गुडघ्यात वजन उतरलं. त्याने सदरा पसरला, कॉलर तळव्याने सारखी केली, दांडा धरला. इस्त्रीचा एक हात झाला. दुसरा झाला. कुणी हसलं नाही. पण कुणी हललंही नाही, त्यामुळे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मदाम काही विचारतील म्हणून त्याचा एक कान उभा होता. त्या विचारत नव्हत्या. इस्त्री स्टँडवर ठेवून त्याने पेला उचलला, घोट घेतला.

दार धाडकन उघडलं.

उलवान घामाघूम होऊन आत आला. हातावर वाटेत पोचवायचे सहा सदरे होते, कांजीचे, कडक.

"चावी कुठाय कपाटाची? नवरदेव बनियनवर उभा आहे दुकानात, त्याची आई माझा जीव खातेय!"

शहाताने पाची बोटं जुळवून हात वर केला.

उलवान थांबला.

पंखा कुरकुरत फिरत होता. वर्गातल्या एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं. शहाता वाकला, आणि कॉलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक, लांब फवारा मारला. उलवान एक पाऊल मागे सरला आणि सदऱ्यांचा हात त्याने चटकन पाठीमागे नेला.

"गलाबियाच्या डाव्या खिशात," शहाता म्हणाला. "तुझ्या मागे, खुंटीवर." आणि पाय ठोकळ्यावर ठेवला.

उलवानने खिसा चाचपून चावी काढली. दारापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. त्याने पाठीमागचा हात पुढे आणला, वरच्या सदऱ्यावरून सावकाश बोटं फिरवली. सदरा कोरडा होता. मग त्याने शहाताच्या पायाकडे पाहिलं, पायाखालच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं, पुन्हा सदऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता की शहाताला त्याच्याकडे बघवेना. शहाताने बाही उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने धरली.

"आटप तुझं काम," उलवान हळू आवाजात म्हणाला. "मी बघतो दुकानाचं."

जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. घाईत आला होता तशी नव्हती ती.

शहाताने दुसरी बाही पुरी केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही, कारण दोन्ही हात दांड्यावर होते. हसलं कुणीच नाही. मदाम ल्यूबा चष्मा न काढता बसून होत्या. त्यांनी सदरा घडी होईपर्यंत वाट पाहिली, इस्त्री पुन्हा स्टँडवर जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग वहीचं पान उलटलं.

"मादलीन," त्या म्हणाल्या.