एक पाटी मुरूम

मी एक जुनी टेकडी आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच. मी अजून हबकलेलीच आहे मित्रांनो, तेव्हा सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

निरगुडसरहून पारगावकडे निघालात की उसाच्या शेतांपलीकडे मी दिसेन. बुडाला काळा कातळ आणि त्यावर दोन पुरुष उंचीचा तांबडा मुरूम, एवढीच माझी संपत्ती. शंभर वर्षांपूर्वी खालच्या गावात प्लेग आला, तेव्हा लोक घरं उघडी टाकून माझ्या खांद्यावर राहायला आले. साथ सरली तरी तीसेक घरं इथंच राहिली. पुढे शेतात विहिरी झाल्या, तशी ती एकेक करून खाली उतरली.

उतरताना त्यांनी एक रीत पाडली. नवं घर बांधायचं तर आधी वर यायचं, आपल्या जुन्या जोत्यापाशी एक पाटी मुरूम खणायचा आणि डोक्यावरून नेऊन नव्या घराच्या पायात टाकायचा. पाटी एकच! अहो, अख्ख्या गावाच्या घरांखाली मी होते. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग पक्क्या घरांचे दिवस आले. शहाण्णव साली कुणीतरी पाटीऐवजी ट्रॉली भरून नेली. कुणी काही बोललं नाही. आपलीच माणसं म्हणून मीही गप्प बसले.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हौशीराम जेसीबी घेऊन आला. ह्याच्या बापाने आपली पाटी नेताना मला हात जोडले होते. ह्याला मुलाच्या बंगल्याचा चौथरा भरायचा होता. यंत्राचा आवाज ऐकून पायथ्याच्या वस्तीतली द्रौपदा धापा टाकत वर आली. तिच्या वस्तीतली बारा घरं माझ्या पायाशी असलेल्या झऱ्यावर पाणी भरत. तो झरा कधी आटला नव्हता.

"भाऊ, नका खांदू हितं. हिच्या आंगात पाणी मुरतंय, त्येच आमच्या झऱ्याला येतंय."

"द्रौपदाबाई, झरा कुटं आन् ह्यो मुरूम कुटं! आन् आमच्या आज्ज्यापासनं रीतच हाय ती."

"रीत पाटीची हाय. ही काय पाटी हाय व्हय?"

हौशीराम नुसता हसला. जेसीबीचे दात माझ्या अंगात घुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरूम संपला, कातळ उघडा पडला आणि मधल्या सांध्यातून पाणी उसळलं. अगं बाई! माझ्याच पोटात एवढं पाणी, आणि मलाच पत्ता नाही! लोक धावत आले. "टेकडीला पाणी लागलं! लई नशीबवान हाईस राव!" हौशीरामने तिथं नारळ फोडला. माझ्या जखमेला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. तीन दिवस ते पाणी उतारावरून ओढ्याला वाहून गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी एक थेंब नाही. तेवढ्यात खालून द्रौपदाची हाक आली. हाक कसली, किंकाळीच ती. हौशीराम धावत खाली गेला. झऱ्यात नुसता चिखल होता. त्याने कोपरापर्यंत हात घातला, तरी हाताला पाणी लागेना. तीन दिवस वर काय वाहत होतं, ते तेव्हा कुठे त्याला कळलं.

"आन् म्या नारळ फोडला त्याला!" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर आला. डोक्यावर पाटी होती. बंगल्याच्या चौथऱ्यातला मुरूम त्याने परत आणला होता. खड्ड्यात ओतला, तर कुठे पडला तेसुद्धा दिसेना. द्रौपदा रिकामी कळशी घेऊन कडेला उभी होती.

"मुरूम आणलात भाऊ. पाणी कुटनं आणाल?"

रिकामी पाटी उचलून हौशीराम दुसरी भरायला खाली गेला.

मित्रांनो, तुमच्याही गावाला टेकडी असेल. तिच्यावर पहिला घाव घालण्याआधी पायथ्याला एक चक्कर मारा आणि तिथं कुणाची कळशी भरते ते बघा. माझ्या पायाशी आता टँकर येतो. द्रौपदा रांगेत उभी असते, आणि रिकामी कळशी टेकवताना एकदा वर माझ्याकडे बघते.