कारभारातला भार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. सुताराने मला मोडक्या दाराच्या फळीतून कापलं, रंगाऱ्याने माझ्यावर पिवळ्या रंगात ‘कारभारी’ असं लिहिलं आणि कामगार वसाहतीत पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीबाहेर मला ठोकलं.

त्या खोलीत बसून वसाहतीचं पाणी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या आधीच्या माणसाचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. ओळखीच्यांना भरपूर पाणी, बाकीच्यांच्या नळाला नुसती फुसफुस. ताईंनी तो प्रकार पहिल्याच आठवड्यात बंद केला.

एका उन्हाळ्यात पंप जळाला. टाकीच्या तळाशी जेमतेम पाणी उरलं. सकाळीच ताईंचा धाकटा भाऊ रांग सोडून थेट दाराशी आला.

“ताई, घरी पाहुणे आलेत. दोन बादल्या भरून दे. कुणाला कळतंय?”

“आधी आजारी माणसं आणि तान्ही मुलं. मग रांग. तुझं घर आणि माझं घर शेवटी.”

“सख्ख्या भावाला शेवटी?”

“सख्खा आहेस म्हणूनच.”

“मोठी आलीये कारभारीण!” तो तणतणला.

रांगेत निवृत्त मास्तर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “अरे, या शब्दाची फोड ठाऊक आहे का? मूळ शब्द कार्यभार. कामाचं ओझं. लोकांच्या तोंडी घासून कार्याचं ‘कार’ झालं. भार मात्र तसूभर झिजला नाही. तुझी बहीण तोच उचलतेय.”

तोवर मला वाटायचं, माझ्यावर हुकमाचा शब्द लिहिलाय. त्या दिवशी मला माझाच अर्थ कळला.

भाऊ रिकाम्या बादल्या घेऊन गेला. दुपारी तो परत आला आणि बाह्या सरसावून वरच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे पाणी पोचवू लागला. रांग संपली तेव्हा उरला होता गढूळ गाळ. ताईंनी तो फडक्यातून गाळला आणि निम्मं पाणी भावाच्या बादलीत ओतलं. त्याने आपली बादली उचलली आणि ताईंचीही.

पुढे ताई निवृत्त झाल्या. दारावर चकचकीत पत्र्याची ‘व्यवस्थापक’ अशी पाटी आली. मी आता रंगाच्या डब्यांखाली पडून आहे, अर्धी अक्षरं गेली आहेत. त्याची खंत वाटते, पण तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. चारचौघांचं काही सांभाळायची पाळी तुमच्यावर आली, तर स्वतःची बादली शेवटी भरा.