करिश्माच्या कोपरावर उरलेले आम्ही

जंतू म्हटलं की तुम्ही आधी साबण शोधता, हे मला ठाऊक आहे. तरी घडीभर ऐका. मी एक जंतू बोलतोय. भूमजवळच्या वाडीतल्या पाच वर्षांच्या करिश्माच्या कोपराच्या आतल्या घडीत राहणारा.

ती जन्मली त्याच दिवशी आमचे पूर्वज आईच्या अंगावरून तिच्या अंगावर आले. तेव्हापासून कातडी आम्हाला घाम आणि तेल खायला देते, आणि आम्ही तिला मऊ, धड राहायला मदत करतो. आमच्यातच एक पिवळी जात आहे, महाचिवट. तिला आम्ही पाय रोवू देत नाही. याचं कौतुक कुणी करत नाही म्हणा!

यंदाच्या थंडीत करिश्माची मुळातच नाजूक कातडी कोरडी पडली, तिला बारीक भेगा गेल्या. पोर सारखी खाजवायची. आजीनं, हरणाबाईनं, धुण्याच्या साबणाच्या वडीनं कोपर खसाखसा घासलं. त्यात आमचे निम्मे वाहून गेले, तेलही गेलं, आणि खाज वाढली.

मग आजोबा बिराप्पा बाटली घेऊन आले. मेंढरांना खरूज झाली की पाण्यात मिसळून लावायचं औषध होतं ते.

"आवो, लेकराला हे लावायचं व्हय?" हरणाबाईनं विचारलं.

"अख्ख्या कळपाची खरूज जाती यानं. ही तर बोटभर जागा. लई इचार करू नगंस."

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, त्यांना कोण अडवणार? भेगांतून औषध आत उतरलं आणि करिश्मा किंचाळली. कातडी सोलली. आम्ही पटापट मेलो. मोकळ्या झालेल्या जागेवर पिवळ्यांनी ठाण मांडलं, पू धरला, पोर तापानं फणफणली.

तिला एसटीनं भूमला नेलं. बाटलीचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आबा, ही खरूज नव्हतीच. आणि हे औषध माणसाच्या अंगाला विष आहे."

बिराप्पा खाली मान घालून बसले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

गोळ्यांनी पू आटला. आता साबण बंद आहे, रोज मलम लागतं. कातडी मात्र अजून पातळ आहे आणि आम्ही केसांच्या मुळाशी मोजकेच उरलोय. पुन्हा एखादी भेग पडली तर पिवळ्यांना अडवायला आम्ही पुरणार नाही.

आज सकाळी बिराप्पा मलमाची डबी घेऊन बसले. करिश्मानं हात पाठीमागं लपवला.

"आबा, तुमी नगं. आजी लावंल."

त्यांनी मलम आधी स्वतःच्या कोपरावर लावून दाखवलं. तरी तिनं हात पुढं केला नाही. शेवटी हरणाबाईनं डबी घेतली.

माणसांनो, लेकराच्या कातडीला काही लावण्याआधी जाणत्याला विचारा, एवढीच विनवणी. आम्ही पुन्हा वाढू, कातडीही भरून येईल. पण बिराप्पांनी नुसता हात पुढं केला तरी करिश्माच्या अंगावर काटा येतो, आणि तो मला इथं, मुळाशी, रोज जाणवतो.